जाळ्याचं दुसरं टोक

शूर नावाची नदी कॅरिकच्या पुलाखालून जाते.
तिथं आम्ही सॅमन धरायचो,
रात्री, ओहोटी लागली की.
दोन होड्या, मधे एक जाळं.
एक टोक माझ्याकडे, एक फिंटनकडे.
दिवा नाही, बोलणं नाही,
दोरी फक्त तर्जनीवर टेकवून ठेवायची.
मासा जाळ्याला नाक लावतो
तेव्हा बोटाला कळतं,
दार वाजायच्या आधीच
कोण आलंय ते कळावं, तसं.

मग कायदा आला.
तो टपालाने आला, तपकिरी पाकिटात.
आत नद्यांची यादी, खाड्यांची यादी,
कुठल्या बंद, कुठल्या खुल्या.
आमची चौथ्या ओळीत.
मासे उरले नाहीत, असं लिहिलं होतं.
खोटं नव्हतं.
शेवटच्या हंगामात मी अकरा मोजले,
आणि ईमरला सांगताना
वीस म्हणालो.

जाळं जमा करा, परवाना जमा करा, पैसे घ्या.
जाळं फिंटनच्या बापाच्या नावावर.
पहिल्याच आठवड्यात त्याने सही केली.
मला विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो,
हे त्याला माहीत होतं,
म्हणूनच.

मत्स्यखात्याची टूही बाई काटा घेऊन आली.
तरुण पोर, बुटांना चिखल नाही.
जाळं उचलून पाहिलं, म्हणाली,
ओलं आहे, वजन चुकेल, सुकवून ठेवा.
दोन दिवस ते त्याच्या कुंपणावर पसरलेलं.
मी रस्त्याच्या पलीकडून गेलो
तरी ईमरने मारलेल्या गाठी दिसल्या,
हिरव्या सुताच्या,
काळं सुत संपलं होतं त्या वर्षीच्या.

आठ वर्षं झाली.
एकच चर्च, वेगळे बाक.
माझी होडी उलटी पडून कुजली,
त्याच्या होडीत त्याची सून कांदे लावते.
वर बंधाऱ्यापाशी पाहुणे येतात,
पैसे भरून गळ टाकतात,
मासा धरतात, छातीशी घेऊन फोटो काढतात,
सोडून देतात.
तेवढं कायद्यात बसतं.
आम्ही मात्र नदीला बोटही लावायचं नाही.

परवा झोप येईना, धक्क्यावर गेलो.
ओहोटी लागलेली.
खालच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं,
कड्यापासून पाण्यातल्या खुंटापर्यंत
एक दोर सैल सुटलेला, कुणाचा कोण जाणे,
त्यावर त्याचं बोट.

मी वळलो असतो.
पण पायरी ओली होती, सावकाश उतरावं लागलं,
आणि सावकाश उतरणाऱ्या माणसाला
परत वळणं जमत नाही.
खाली बसलो. दोराला बोट टेकवलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही.
पाण्याखाली दोराला काहीतरी घासून गेलं,
वरच्या दिशेने.
दोघांचे खांदे एकदम ताठ झाले.
ओढायला हातात काही नव्हतं.

‘मोठा होता,’ फिंटन म्हणाला.

‘मादी,’ मी म्हणालो.