उणे चारशे अकरा

जुबैल. रात्रीचे दोन वाजून दहा.
बाहेर हवा ओल्या टॉवेलसारखी, तिला गंधकाचा वास.
आत सर्व्हर रूममध्ये अठरा अंश
आणि खुर्चीच्या पाठीवर लियाकत वांगडेचा
राहून गेलेला स्वेटर.

व्हर्श लिस्ट, डॅश डॅश ऑल.

हर्णै चालू. केळशी चालू.
आंजर्ला बंद, मार्चपासून.
यंत्रांना त्याने गावं वाटली होती.
मी उदगीरचा; समुद्र पाहिला तो इथेच,
ही गावं मला काळ्या पडद्यावरच भेटली.
चालू असेल त्याला नंबर असतो,
बंद पडलं की नंबराच्या जागी नुसती आडवी रेघ.
इकाम्याचंही तसंच, लियाकत म्हणायचा,
आणि हसायचा नाही.

आज फव्वाझचा निरोप: जुनी सगळी काढून टाक.

डिस्ट्रॉय म्हटल्याने काही नष्ट होत नाही.
हे कळायला मला एक घामाघूम रात्र लागली होती.
प्लग ओढल्यासारखं फक्त.
स्टार्ट म्हटलं की पुन्हा उठून बसतं,
डोळे चोळत डिस्क तपासतं.
खरा शब्द अनडिफाइन.
कारकुनी शब्द, कुणी घाबरत नाही त्याला.
फायनल एक्झिटचा शिक्काही असाच, निळा, जरा वाकडा.

काढण्याआधी कन्सोलवरून हर्णैत उतरलो.
तिला काही काम नव्हतं.
एक स्क्रिप्ट, रोज पहाटे चारला
एका फायलीत एक ओळ लिहिणारी:
रजेला उरले दिवस.
तीनशे दोन. एकशे सोळा. नऊ.
नऊ होते तेव्हा त्याला ऑफिसात बोलावलं होतं.
तिला कुणी सांगितलं नाही.
आठ. सात.
शून्य.
उणे एक.
काल: उणे चारशे अकरा.

कंट्रोल आणि चौकटी कंस. एवढ्यात माणूस बाहेर.

तिची व्याख्या तेवढी उतरवून घेतली,
चौऱ्याण्णव ओळी, यंत्राचा सातबारा:
मेमरी दोन जीबी, जमीन वीस जीबी,
मालकाचा रकाना त्यात नसतोच.

मग डिस्ट्रॉय हर्णै.
मग अनडिफाइन हर्णै.
एका ओळीचं उत्तर आलं आणि खाली
कर्सर लुकलुकू लागला,
बोल, पुढे काय, असा.

केळशी राहू दिली. उद्या विचारतील तेव्हा बघू.

चार वाजले.
उणे चारशे बारा, मी मोठ्याने म्हटलं,
पंख्यांच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.
स्वेटर अंगात घातला.
बाह्या आखूड होत होत्या.