दुधाचे अंश असू शकतात

शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला,
हरलेला पत्ता ठेवावा तसा,
आणि म्हणाले, गहू बंद. दूधही बंद.
किती दिवस, मी विचारलं.
ते माझ्या मनगटाकडं बघत होते.
केसांत सकाळचा फेस वाळला होता.

गंगावेशीत आमची सुंद्री रात्री नऊला उभी राहते.
तीस वर्षं गिऱ्हाईकासमोर धार काढतोय,
पहिला पेला माझा, मग गावाचा.
कोल्हापुरात दूध सोडलं म्हणून सांगायचं कुणाला?
रिकामा पेला हातात धरून उभा राहतो.
विचारलंच कुणी तर, "आत्ताच झाला."

वैजयंतानं घर पिंजून काढलं.
चपातीचा डबा गेला, शेवया गेल्या,
हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत मैदा सापडला
तेव्हा मात्र ती खालीच बसली.
"हिंगानं पण दगा दिला," म्हणाली.

भाकरी होतीच की.
भाकरीला कुणी नको म्हटलं नव्हतं.
पण धाकटी पुण्याहून आली थर्माकोलची पेटी घेऊन,
आत सहा खोकी, सहा देशांची, दगडासारखी गोठलेली.
"आप्पा, जग खाऊन बघा."
लोण्याच्या कप्प्यात जग मावलं.
लोणी शेजारच्या इनामदारांकडं गेलं.

पहिल्या रात्री पेरू.
मला वाटलं फळ असेल.
निघाले राळ्याएवढे दाणे, शेपूट फुटलेले,
सोबत काळा घेवडा.
तीन घास खाल्ले, मग उठून कांदा-लसणाची चटणी आणली.
पेरूची काही हरकत दिसली नाही.

मोरोक्कोच्या रश्शात जर्दाळू सापडला.
आई म्हणाली, "चुकून पडलाय, काढ बाजूला."
इथिओपियाची भाकरी आंबट, भोकाभोकांची,
तिच्यावरच डाळ वाढायची आणि शेवटी ताटच खायचं.
घासायला काही उरत नाही,
वैजयंताला हा देश फार आवडला.

इटलीचं नाव काढू नका.
चीजच्या जागी काजूचं काहीतरी होतं,
गाय न बघितलेल्या माणसानं गाय काढावी तसं.
खोटं मला लगेच कळतं, धंदाच आहे तो.
घागरीत वाटीभर पाणी पडलं तरी जीभ सांगायची.
सांगायची. आता विचारता येत नाही तिला.

थायलंडच्या दिवशी लाईट गेली.
मेणबत्तीत हिरवा रस्सा काळाच दिसत होता,
मधोमध वाफ, कडेला अजून बर्फ कुरकुरणारा.
नारळाचं दूध.
जीभ जरा थांबली, मग तिनं ओळख दिली:
अरे, हा तर आपला पांढरा रस्सा,
गवतात लोळून आलेला!
गवती चहाची काडी दाताखाली आली, ती चावत बसलो.
तिकडंही कुणी बाई पहाटे खोबरं खवत असेल,
पहिलं दूध वेगळं, दुसरं वेगळं पिळत असेल.
दूधच म्हणतात की त्यालाही.
डॉक्टरांनी ते बंद केलं नव्हतं.
वाटी चाटली. अंधारच होता.

लाईट आल्यावर धाकटी खोक्याची मागची बाजू वाचू लागली.
गहू नाही. दूध नाही.
मग अजून बारीक, चष्मा वर करून:
"दुग्धजन्य पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केलेले.
दुधाचे अंश असू शकतात."

कुणी काही बोललं नाही.
मी हात धुवायला उठलो, साबण दोनदा लावला.
वास होता तिथंच होता,
नखांत, अंगठ्याच्या घट्ट्यात, सदऱ्याच्या बाहीला.
हेच वाक्य माझ्या पाठीवर छापलं असतं
तर डॉक्टरांना एवढ्या तपासण्या लागल्या नसत्या.

सुंद्रीला अजून काही कळवलेलं नाही.
काल रात्रीही मान वळवून ती पहिल्या पेल्याची वाट बघत राहिली.
फेस काठावर आला,
रांगेतल्या सगळ्यात लहान पोराला दिला.
एका दमात प्यायला, मिशी पुसली नाही.
"काका, तुम्ही?"
"घरी जपान उरलाय," म्हटलं.