चाकाने काढलेली रेघ

फ्रीसलँडमधल्या आमच्या गावात चढ म्हणजे समुद्राचा बांध
आणि उतार म्हणजे त्याच बांधाची दुसरी बाजू.
बाकी सगळं परातीसारखं सपाट :
बटाटे, गायी, कालवे, आभाळ.
घरंगळणं म्हणजे काय
ते आम्हाला वीब्रेन सुताराने लाकडातून दाखवलं.

तो होड्या बांधायचा. गुडघे गेल्यावर शाळेत आला,
खुर्च्यांचे पाय दुरुस्त करायला.
एका मंगळवारी त्याने बायकोच्या सायकलच्या चाकाला
कडेशी खडू बांधला
आणि सायकल भिंतीलगत नेली, हळूहळू,
आजारी गाय न्यावी तशी.
भिंतीवर कमानी उमटल्या, एकीला लागून एक.
फ्राउक्येबाई ओरडायला आल्या आणि बघतच राहिल्या.

अर्धी कमान उलटी करून त्याने फळीवर उतरवली,
पन्हळ कोरली, रंधा मारला, बोट फिरवून पाहिलं.
शेजारी दुसरी फळी : सरळ, कुठेही न वाकणारी.
दोघींची वरची टोकं एका उंचीला, खालचीही एका.
मळणीयंत्राच्या बेअरिंगमधल्या दोन पोलादी गोळ्या.

"लावा पैज."

मी सरळ फळीवर लावल्या
ज्येष्ठमधाच्या तीन खारट वड्या.
जवळची वाट ती जवळची वाट.

माझी गोळी निघाली विचार करत करत.
दुसरी आधी पडलीच,
जणू तिला पुढे कुठे जायचंच नव्हतं,
आणि पडण्यातून मिळालेला वेग घेऊन
तळाच्या लांबलचक वाटेवर सुसाट सुटली.

टक्.

टक्.

वड्या येल्त्येने खाल्ल्या. तोंड वाकडं करत, पण सगळ्या.
मग तिनेच विचारलं,
"म्हणजे शेवटी ती जास्त जोरात असते?"
"नाही गं," वीब्रेन म्हणाला,
"उंची तेवढीच, म्हणून शेवटचा वेगही तेवढाच.
एकीने आपली उंची सुरुवातीलाच उधळली,
दुसरीने पै-पै करून खर्चली. इतकंच."

त्या रात्री मी गोठ्यात स्वतःची फळी कोरली,
त्याच्याहून खोल. विहिरीसारखी.
माझी गोळी धाडकन गेली खाली
आणि पलीकडचा चढ चढता चढता दमली.
वीब्रेनने ती फळी उचलून डोळ्यासमोर धरली,
एक डोळा मिटला.
"पडण्यालाही माप असतं," म्हणाला,
आणि खुर्चीकडे वळला.

भिंतीला नंतर दोनदा रंग दिला.
तरी नोव्हेंबरात, चारच्या सुमाराला,
ऊन तिरपं आलं की
मला तिथे चाक दिसतं.
इतर कुणाला दिसत नाही. मी विचारून पाहिलंय.