धाग्याची लांबी

जिनिंगच्या फाटकात गाडी थांबली की मी मूठभर कापूस ओढतो,
अंगठ्याखाली विरळ करतो:
धागा केवढा, कवडी किती, ओल किती.
चिठ्ठीवर आकडा. एक, दोन, तीन.
तेवीस वर्षं झाली. बोटं चुकत नाहीत.
मालकासाठी नेमकं किती चुकायचं
हेही आता बोटांनाच ठाऊक.

लेतू टेकाम आमच्याकडे हमाल.
पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाच्या अंगाला त्याचा पोड.
परवा पोरीच्या दाखल्याची फाईल घेऊन आला.
समितीनं विचारलंय, देव कोणते,
लग्नात आधी कोणाचे पाय धुता,
मेलेल्याचं डोकं कुठल्या दिशेला.
"मग सांगून टाक ना."
"सांगतलं ना जी. पन त्यायच्या पुस्तकात
आमचं वायलंच लिवून हाये."

फाईलच्या तळाशी त्या पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स.
कोलाम. पुरुष. नग पंचवीस.
नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर.
बारीक नाक वरच्या पायरीवर, पसरट खाली.
दशांशापर्यंत सगळं आहे,
नाव एकाचंही नाही.

लेतूच्या घरात गोष्ट आहे:
आज्याच्या आज्याला आंब्याखालच्या तंबूत बोलावलं,
पुसाचे दिवस, चिमटा लोखंडी, गार.
साहेबानं नाक धरलं तशी त्याला शिंक आली.
साहेबानं पुसलं, पुन्हा धरलं.
मोजणीबद्दल मिठाची पुडी दिली.
घरी बायको म्हणाली, "नाकाचं काय करते थो?"
"इकत असन," म्हातारा म्हणाला.

लेतू हसला, मीही हसलो.
रात्री मात्र झोपेना.
गठाणी आणि ती वही
एकाच बंडीत गेल्या असतील की,
धामणगावहून आगगाडीत, मुंबईहून बोटीत.
तिकडे एका टेबलावर कापूस,
दुसऱ्यावर माणसं,
आणि विरळ करणारा अंगठा बहुतेक एकच.

त्याआधी एकदा वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता.
का, तर अमेरिकेत लढाई पेटली होती,
आणि तिथला कापूस वेचणारे हात
कातडीच्या रंगावर विकत घेतलेले होते.
हे गावात कोणी सांगत नाही.
तोडे कोणी घडवले ते सांगतात.

माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, मोठ्यानं वाचते.
पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसात
हरलेल्यांचे मुलूख तीन वर्गांत घातले. अ, ब, क.
अ थोड्या दिवसांत शहाणे होतील,
ब ला वेळ लागेल,
क बद्दल बोलायलाच नको.
जपाननं फक्त एक ओळ मागितली होती, वंश सगळे सारखे.
मतं जास्त पडली.
खुर्चीवरून उत्तर आलं, एकमत नाही.
"बाबा, हा प्रश्न येतो हमखास," ती म्हणाली
आणि खाली रेघ मारली.
मी विचारलं, आपण कोणत्या वर्गात होतो?
ती म्हणाली, आपण यादीतच नव्हतो,
आपण आधीच कोणाचे तरी होतो.

आज फाईल परत माझ्यापुढे आहे.
साक्षीदार म्हणून सही हवी.
अर्जदाराच्या वडिलांस ओळखता? होय.
किती वर्षं? एकोणीस.
कशावरून?

पेन उघडंच आहे.
फाटकात पुढची गाडी लागली, हॉर्न वाजतोय.
गंजीवर लेतू, नाकातोंडात कापसाचा भुरका,
शिंकतो,
थांबतो,
दुसरी येते का बघतो.