सहा किलो उकडे

डिचोलीची खाण बंद पडली तेव्हापासून
गुरुदासचा खाकी गणवेश ट्रंकेत होता.
दोनदा धुतला.
दोन्ही वेळा पाणी लालच.

पट्ट्यांसाठी पँटचे पाय उभे कापले.
खांद्यापाशी चौकोन, चौकोनात फुली,
फुलीवरून पुन्हा मशीन.
अठरा नंबरची सुई तिथंच मोडली.
कुंपणापलीकडून फिलोमिना म्हणाली,
"म्हापशात तयार मिळतात गो."
मिळतात. किंमत विचारून आलेय मी.

आधी त्यात सहा किलो उकडे तांदूळ बांधले.
विहिरीपर्यंत गेले, पायऱ्या चढले, उतरले.
बादलीसाठी वाकले तेव्हा
हात आपोआप पिशवीच्या डोक्यामागे गेला.
कुणी पाहिलं नाही.

मग तांदूळ डब्यात, आणि दुर्वा पट्ट्यांत.
वजन तेवढंच,
पण तांदूळ लाथा मारत नाहीत.

खिशावरचं नाव मी उसवलं होतं, भोकं राहिली.
ती नेमकं तिथंच तोंड लावते
आणि लाळेनं भिजलं की
'गुरु'पर्यंत वाचता येतं.

काल तो सहज विचारल्यासारखा म्हणाला,
हा पट्टा माझ्या पाठीला पुरायचा नाही, ना?

वीतभर कापड
आत दुमडून ठेवलंय मी.