कल्ला

रबाळे एमआयडीसीत, मागच्या गल्लीत,
गाळा नंबर सत्तावीस.
मी तिथला हिशेबनीस, तोही अर्धवेळ,
दर गुरुवारी दोन ते सहा.
यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही.
सुगंधा नाखवाची गोष्ट मी सांगणार
ती रकान्यांतूनच.

पहिल्या वर्षी नावे बाजूला
एक विचित्र नोंद: मासे, अकराशे चाळीस.
मी म्हणालो, बाई, घरखर्च धंद्यात कसा?
"खाल्ले नाय. बघितले."
टेबलावर आडवी घोळ, तोंड उघडं,
आणि ही बोटाने तिचा कल्ला उचलतेय,
सोडतेय. उचलतेय.
सोडतेय.
"पानी भायेर जातं, आत येत नाय. बघा."

दिवाळ्याच्या जेट्टीवर तिची आई चाळीस वर्षं
वितळत्या बर्फाशी भांडली:
पाटीला भोक ठेवावं तर गारवा पळतो,
बुजवावं तर मासा पाण्यात बसून मऊ पडतो.
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट भावांनी घेतला.
हे भांडण लेकीच्या वाट्याला आलं.

डायमेकर बशीर मुकादमने साचा सात वेळा मोडला.
सात बिलं मी चढवली.
आठव्याला विचारलं, हे कुठल्या सदरात टाकू?
कॉम्प्युटरमध्ये 'चूक' नावाचं खातं नाही.
"किरकोळ," ती म्हणाली.
किरकोळ फुगत गेलं, भाड्यापेक्षा मोठं झालं.
बँकेच्या साहेबाने त्याभोवती लाल गोल काढला
आणि तारण विचारलं.
तिने पर्समधून रबराची एक जीभ काढून
त्याच्या काचेवर ठेवली.

कर्ज मिळालं नाही.
भिशी मिळाली.

मग अंगठ्याएवढं निळं बूच,
क्रेटच्या तळाला बसणारं, साडेनऊ रुपये नग.
पाणी सोडतं, थंडी धरतं.
नाव ठेवलं कल्ला; आणि झालाही तसाच.
कोळणींनी नेलं, मग पनीरवाल्याने,
मग मोगऱ्याच्या कळ्या पाठवणाऱ्या एका माणसाने,
ज्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

चौदाव्या महिन्यात बाजारात दुसरा कल्ला.
तोच निळा. साडेसहा रुपये.
बशीर म्हणाला, कोर्टात खेचू.
मी म्हणालो, भाव पाडू.
ती काही न बोलता बाहेर गेली.
त्या दिवसाची नोंद माझ्याच अक्षरात आहे:
कल्ला (दुसऱ्यांचे), पन्नास नग, तीनशे पंचवीस.

ते पन्नास आणि आपले पन्नास
तिने एकाच फ्रीझरमध्ये कोंबले.
चौदाव्या दिवशी त्यांची जीभ कडक झाली.
एकतिसाव्या दिवशी आपली.
आम्ही पेढे आणायला निघालो होतो.
"एकतीस म्हंजे आपलाबी मरतो," ती म्हणाली,
आणि रात्री साचा परत उघडला.

पेपरात विकासदराचा आकडा येतो,
दशांश चिन्हानंतर दोन घरं.
तो कुठल्या गाळ्यात तयार होतो मला ठाऊक नाही.
मला दिसतं ते एवढंच:
चहावाल्याची उधारीची वही जाड झाली,
टेम्पोवाल्या अंकुशच्या दुसऱ्या टेम्पोला अजून हार आहे,
आणि पॅकिंगवरून प्रेस मशीनवर गेलेली पुष्पा गवळी
पगाराची चिठ्ठी उलटी धरून विचारते,
"भाऊ, हे कापलेले पैसे
म्हातारपणी मलाच मिळणार ना?
नवऱ्याला नाही ना?"
तुलाच, मी म्हणतो.
ती चिठ्ठी सुलट करते, घडी घालते,
ब्लाउजमध्ये ठेवते.

आजच्या गुरुवारी नावे बाजूला
नवी नोंद: खेकडे, सहाशे दहा.
सदर रिकामं.
मी विचारलं नाही.
पेनाला टोपण लावलं
आणि आतल्या खोलीत
बघायला गेलो.