पान एकशे चार

तेशीच्या रस्त्यावर, समुद्राकडे पाठ करून माझं दुकान.
पाटीवर लिहिलंय : ओक्पोती, लष्करी शिंपी.
लष्करानं मला कधी नेमलं नाही,
पण माझ्या हयातीत ते उघडं फिरलं नाही
एवढं सांगू शकतो.

पान एकशे चार. बेनेडिक्ट अकोल्गो, सेकंड लेफ्टनंट.
छाती चौतीस, कंबर सत्तावीस,
कॉलरमध्ये दोन बोटं जाऊन तिसऱ्याला जागा.
बोल्गातांगाचा पोरगा. आरशासमोर
स्वतःच्याच बाहीला हात लावून बघत होता,
दुसऱ्याची असल्यासारखी.
पैसे कमी पडले. दोन सेडी बाकी,
चिठ्ठीवर लिहून दिलं.

कॅप्टन : छाती सदतीस.
मेजर : त्याच पानावर, निळ्या शाईत.
लेबनॉनला निघताना म्हणाला,
डाव्या बाजूला आतून एक खिसा कर, अस्तरात, लहानसा.
शिंप्यानं माप विचारावं, कारण विचारू नये.
केला. पुढच्या प्रत्येक कोटाला
न सांगता करत गेलो.

परत आला तेव्हा कंबर तीन इंच आत.
मी टेप दोनदा फिरवली.
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता,
जुन्या महिन्याकडे.
म्हणाला, ओक्पोती, तिथं लिंबं फार होती.
एवढंच म्हणाला.

मग ते वर्ष,
पहाटे रेडिओवर बातम्यांच्या जागी
बँड वाजत राहिला ते.
रात्री मागच्या दारानं आला.
खांद्यावरचं काढ.
कंदिलाशी धरून एकेक टाका उसवला मी, ब्लेडनं,
स्वतःच्याच हातचे टाके.
धागा निघतो, भोकं राहतात.
ती इस्त्रीनं बुजत नाहीत.
पुढचे आठ महिने तो कुठं होता
ते वहीत नाही.

बोलावणं आलं, तेव्हा नवं चिन्ह
मी त्याच भोकांतून बसवलं.
सुईला वाट ठाऊक होती.

ब्रिगेडियर : छाती बेचाळीस.
पोट एक इंच कमी लिहिलं, तेवढी सवलत.
उजवा खांदा अर्धा इंच खाली.
मी पाहिलंय, सलाम घेणाऱ्यांचा उतरतो,
ठोकणाऱ्यांचा नाही.

परवा आला, निवृत्त होऊन.
कोट काखेत. गुंड्या काढून ठेव म्हणाला, भाच्याला नकोत.
मी सवयीनं खिसे चाचपले.
अस्तरातल्या खिशात चिठ्ठी,
घामानं पिवळी, घडीवर फाटलेली,
अक्षर माझं. दोन सेडी.

मधल्या काळात सरकारनं नोटांवरची चार शून्यं कापली.
नातीनं मोबाईलवर हिशेब काढून दाखवला :
टिंबानंतर तीन पूज्यं, मग दोन.
ती हसली. तो नाही.
प्रत्येक कोटातून दुसऱ्या कोटात हलवली, म्हणाला.
आमच्याकडे म्हणतात,
उधारी असलेला माणूस परत येतो.

खरंच म्हणतात, की त्यानंच रचलं
त्या लिंबांच्या मुलखात एखाद्या रात्री,
मी विचारलं नाही.

पाकीट काढलं त्यानं. मी म्हटलं, राहू द्या,
देणं फिटलं की गिऱ्हाईक तुटतं.

आता फुगू शिवायचाय, गावाकडचा, पट्ट्यापट्ट्यांचा.
त्याला माप लागत नाही, सैलच असतो तो.
तरी त्यानं दोन्ही हात पसरले
आणि उभा राहिला, सेकंड लेफ्टनंटसारखा.
मी टेप काढली.